दोन क्रेडिट कार्डं, एक ओडी आणि महिन्याला हातात जेमतेम साडेसहा हजार, आधी काय फेडू?

वारजेकर:

नमस्कार मंडळी. डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारतोय, जरा सविस्तर लिहितो म्हणजे तुम्हाला नीट सांगता येईल.

वारज्यात भाड्याने राहतो, शिवण्याला एका कारखान्यात स्टोअरला आहे, हातात ४१ हजार येतात. बायको घरी ब्लाऊज-ड्रेस शिवते त्याचे सहा-साडेसहा हजार, लग्नसराईत थोडे वर. गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मेडिक्लेमने निम्मेच पैसे दिले, बाकीचे कार्डावर मारले आणि थोडे ओडीतून (म्हणजे ओव्हरड्राफ्ट, खात्यात पैसे नसतानाही बँक लिमिटपर्यंत काढू देते ते) काढले. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. पण तिथून जे सुरू झालंय ते संपतच नाहीये.

एका कार्डावर ८६ हजार आहेत, महिना साडेतीन टक्के. दुसऱ्यावर ४१ हजार, महिना पावणेचार टक्के. पगाराच्या बँकेतली ओडी ६० हजार वापरलेली, ती १४ टक्के वर्षाला.

घरखर्च म्हणाल तर भाडं १३ हजार, किराणा-भाजी-गॅस मिळून साडेदहा, दूध २२००, मुलीची शाळा आणि रिक्षा मिळून साडेचार, आईची औषधं ३ हजार, पेट्रोल १८००, लाइट-मोबाईल १८००, एलआयसी २१०० आणि बायकोची भिशी २ हजार. उरतात सहा-साडेसहा. आणि दोन्ही कार्डांचे मिनिमम (बिलावरची कमीत कमी भरायची रक्कम) आणि ओडीचं व्याज यालाच सात हजार लागतात, म्हणजे पाचशे-हजार कमीच पडतात, मग वीस तारखेनंतर किराणा परत कार्डावर. मिनिमम वेळेवर भरतोय, एकही हप्ता चुकलेला नाही, तरी आकडा तिथल्या तिथेच.

बँकेतून सारखा फोन येतो की ८६ हजार ईएमआयमध्ये करून घ्या, महिना फक्त सव्वा टक्का. आणि परवा एका सेटलमेंटवाल्याचा फोन आला, म्हणे हप्ते थांबवा, सहा महिन्यांत निम्म्यात मिटवून देतो, आमची फी वेगळी. ऑफिसातला एक जण म्हणतो तीस टक्क्यांच्या वर व्याज घेणं बेकायदेशीर आहे, तक्रार कर. यातलं खरं काय? आणि ते साडेसहा हजार नेमके कुठे टाकू?

हडपसरवाला:

दादा आधी कार्ड वापरणं बंद करा, आजपासून. तुम्ही वीस तारखेनंतर किराणा कार्डावर घेता ना, त्याला ते ४५-५० दिवस बिनव्याजी मिळत नाहीत आता. मागची बाकी पूर्ण भरलेली नसली की नवीन खरेदीवर घेतल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणजे तुम्ही तूरडाळसुद्धा वर्षाला ४२ टक्क्यांनी उधार घेताय. मी दोन्ही कार्डं बायकोच्या कपाटात ठेवायला दिली होती, यूपीआयला जोडलेलं आणि शॉपिंगच्या ॲपमध्ये सेव्ह केलेलं पण काढून टाकलं, तेव्हा कुठे आकडा हलायला लागला.

आणि आधी छोटं म्हणजे ४१ वालं संपवा. एक कार्ड शून्य झालं की माणसाला हुरूप येतो.

बँकेतला माणूस, निवृत्त:

वारजेकर, तुम्ही आकडे स्वच्छ लिहिलेत, त्यामुळे काम सोपं झालं. नोकरीत असताना कर्जाच्या टेबलवर बरीच वर्षं काढली आहेत, त्यावरून सांगतो.

आधी तुमचा आकडा का हलत नाही ते बघा. ८६ हजारांवर साडेतीन टक्के म्हणजे महिन्याला ३०१० व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ५४२ रुपये, झाले साडेतीन हजारांच्या वर. तुमचा मिनिमम पाच टक्क्यांनी धरला तर ४३००. म्हणजे ४३०० भरून मुद्दल कमी होतंय साडेसातशे रुपयांनी. ४१ हजारांवाल्याचं असंच करा, व्याज आणि जीएसटी मिळून १८०० च्या वर जातात, मिनिमम २०५०, मुद्दल उतरतंय सव्वादोनशे-अडीचशे. दोन्ही मिळून तुम्ही हजार रुपये फेडता आणि हडपसरवाल्यांनी म्हटलं तसं वीस तारखेनंतर तेच हजार किराण्याला परत घेता. स्टेटमेंटमध्ये फायनान्स चार्जेस आणि त्याच्या खाली जीएसटी अशा दोन ओळी असतात, त्या दर महिन्याला पेनाने गोल करून ठेवत जा. एकूण बाकीपेक्षा त्या दोन ओळी महत्त्वाच्या.

आता ओडी. तुम्हाला तिन्ही कर्जं सारखीच वाटत असतील पण ओडी १४ टक्क्यांची आहे, ६० हजारांवर महिन्याला ७०० रुपये. त्याचं फक्त व्याज भरत राहा, मुद्दलाला आत्ता हात लावू नका. खरी आग कार्डांना लागलीये.

आणि छोटं आधी का महाग आधी हा जो नेहमीचा वाद असतो तो तुमच्या बाबतीत येतच नाही, कारण तुमचं छोटं कार्डच जास्त महाग आहे. तेव्हा ४१ हजारवालं आधी, हे ठरलं.

पण साडेसहा हजारात हे होणार नाही हे मी स्पष्ट सांगतो. बेचाळीस-पंचेचाळीस टक्क्यांचं कर्ज दहा टक्क्यांवर आणलंच पाहिजे, त्याशिवाय कितीही काटकसर करा, पुरणार नाही. घरात सोनं असेल तर राष्ट्रीयीकृत किंवा चांगल्या सहकारी बँकेत गोल्ड लोन करा. १ लाख २७ हजार दहा टक्क्यांनी घेतले तर महिन्याचं व्याज १०६० च्या आसपास, आत्ता तुम्ही देताय ५३०० च्या वर. महिन्याला साडेपाच हजार भरत गेलात तर सव्वादोन वर्षांच्या आत दागिने घरी. मात्र वर्षाच्या शेवटी एकरकमी भरायचं गोल्ड लोन घेऊ नका, मासिक हप्त्याचं मागा. एकरकमीवाल्यात लोक वर्षभर काही भरत नाहीत आणि मग नुसतं रिन्यू करत बसतात.

बँकेचा सव्वा टक्क्याचा ईएमआय. फोनवर एकच विचारा, हा दर फ्लॅट आहे (शेवटपर्यंत मूळ रकमेवर व्याज) का रिड्यूसिंग (उरलेल्या बाकीवरच व्याज). रिड्यूसिंग असेल तर १५ टक्के झाले, कार्डापेक्षा पुष्कळ बरे. फ्लॅट असेल तर दोन वर्षांच्या मुदतीत तो २६ टक्क्यांच्या पुढे जातो. वर प्रोसेसिंग फी आणि प्रत्येक हप्त्यातल्या व्याजावर जीएसटी. तोंडी काही मानू नका, ईमेलवर हप्त्यांचं पूर्ण वेळापत्रक मागवा, नाही पाठवलं तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालंच.

शिवाजीनगरकर:

तीस टक्क्यांचं सांगतो, कारण हे व्हॉट्सॲपवर अजून फिरतंय. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तसा निकाल दिला होता हे खरं आहे, पण सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला. त्यामुळे नुसता दर जास्त आहे म्हणून तक्रार केली तर हाती काही लागणार नाही.

तक्रार कुठे चालते तर नियम मोडला तिथे. रिझर्व्ह बँकेचे कार्डांबद्दलचे हे नियम २०२२ मध्ये आले. ड्यू डेटनंतर तीन दिवसांच्या आत भरलंत तर लेट फी लावता येत नाही. कार्ड पूर्ण फेडून बंद करायला सांगितलं तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. यातलं काही झालं तर आधी बँकेकडे लेखी द्या, तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, एक पैसा लागत नाही, वकीलही लागत नाही.

सेटलमेंटवाल्याला नाही म्हणा. तुमचा एकही हप्ता चुकलेला नाही आणि तो तुम्हाला मुद्दाम हप्ते थांबवायला सांगतोय! सहा महिने लेट फी, व्याज, वसुलीचे फोन हे सगळं तुमच्या अंगावर, फी त्याच्या खिशात, आणि शेवटी सिबिलला (कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी) त्या कार्डापुढे क्लोज्डच्या ऐवजी सेटल्ड असं येणार. पुढे घराचं कर्ज घ्यायचं असेल तर ते एक अक्षर वर्षानुवर्षं आडवं येतं. ज्याची नोकरी गेलीये, घरात कमावणारं कोणी नाही, त्याची गोष्ट वेगळी, आणि त्यानेही थेट बँकेशीच बोलावं.

कर्वेनगरची ताई:

सगळ्यांचं वाचलं. मला थोडं वेगळं सांगायचंय.

सोन्याचा निर्णय वहिनींना विचारल्याशिवाय घेऊ नका. विचारणं म्हणजे ठरवून येऊन सांगणं नव्हे, हे सगळे आकडे त्यांच्यापुढे मांडा, ४३०० भरून साडेसातशेच कमी होतात हे दाखवा. त्यांचं माहेरचं सोनं असेल तर ते त्यांचं आहे. घरोघरी बघते मी, बाईला कर्ज कळतं ते डायरेक्ट बांगड्या काढायच्या वेळी, आणि मग ती सल कायमची राहते.

दुसरं म्हणजे सोन्याच्या आधी तुमची एलआयसी बघा. २१०० महिना भरताय, पॉलिसी किती जुनी आहे? जुनी असेल तर तिच्यावर कर्ज मिळतं, सरेंडर व्हॅल्यूच्या (पॉलिसी आज मोडली तर जे मिळतील त्याच्या) ९० टक्क्यांपर्यंत देतात, सिबिल बघत नाहीत, जामीनदार लागत नाही. व्याज कार्डाच्या पाव भागाच्या आसपास. पॉलिसी मोडायची नाही हं, नुसतं तिच्यावर कर्ज काढायचं, विमा चालू राहतो. फक्त व्याज दर सहा महिन्यांनी भरावं लागतं, ते चुकवायचं नाही, कारण साचत गेलं आणि कर्ज अधिक व्याज सरेंडर व्हॅल्यूच्या वर गेलं तर पॉलिसीच संपते.

आणि भिशी किती जणींची आहे, नंबर लागलाय का? लागला नसेल तर वहिनींनी बाकीच्या बायकांना मोकळेपणाने सांगून पुढचा नंबर मागून घ्यावा. आमच्या भिशीत दवाखाना आणि फी या दोन कारणांना कधी कोणी नाही म्हटलेलं नाही. मधेच मोडू मात्र नका, ते दुसऱ्यांचे पैसे आहेत.

खर्चाचं म्हणाल तर तुमच्या यादीत उधळपट्टी मला दिसत नाही आणि आईच्या औषधांना आणि दुधाला कात्री लावू नका. औषधांच्या बाबतीत एवढंच करा, डॉक्टरांना सांगून जेनेरिक लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रातून आणा, रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांमध्ये खूप फरक पडतो, माझ्या सासूबाईंचं बिल निम्म्याच्या खाली आलं. कांदे-बटाटे-लसूण मार्केटयार्डातून दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून आणले तर परवडतं, एकट्यासाठी गाडी काढून जाण्यात अर्थ नाही. जूनमध्ये पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून जुनी घ्या. यातून हजार-बाराशे सुटतील, जास्त नाही, पण तुम्हाला दर महिन्याला नेमके तेवढेच कमी पडतायत ना!

वारजेकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुम्ही लिहिलेल्या दोन ओळी स्टेटमेंटवर शोधल्या, अगदी तसंच निघालं. रात्री जेवणं झाल्यावर बायकोला सगळं दाखवलं. ती गप्प बसून वाचत होती, मग म्हणाली की मला वाटत होतं आपण हप्ता भरतोय म्हणजे फिटत असेल. मलाही तसंच वाटत होतं.

पॉलिसीला ११ वर्षं झालीत. शाखेत जाऊन कोटेशन काढलं, ९५ हजार मिळतात, दर साडेनऊ. मूळ बाँड आईच्या ट्रंकेत होता तो सापडला एकदाचा. भिशी बारा जणींची आहे म्हणजे २४ हजार, बायकोचा नंबर अजून यायचाय, ती विचारणार आहे. सोनं म्हणाल तर मंगळसूत्र आणि दोन बांगड्या, ते लागलं तरच असं ती म्हणाली.

आता ९५ मध्ये दोन्ही कार्डं फिटत नाहीत. ८६ वालं मोठं म्हणून ते पूर्ण बंद करून टाकू का? आणि कंपनीत कामगारांची पतपेढी आहे, तिथूनही काढू का थोडे?

बँकेतला माणूस, निवृत्त:

नाही, ८६ वालं नाही. ४१ पूर्ण फेडा, उरलेले ५४ हजार ८६ वाल्यावर टाका, तिथे ३२ हजार राहतील. दर जास्त असलेलं आधी संपलं पाहिजे, आणि एक कार्ड पूर्ण शून्य झालं की त्याचा मिनिमम पण थांबतो.

एलआयसीचं व्याज महिन्याला ७५० धरा, सहा महिन्यांनी साडेचार हजारांच्या आसपास भरायचं येईल, ते दर महिन्याला बाजूला काढत जा. ओडीचे ७००. साडेसहातून हे दोन्ही गेले की पाच हजार राहतात ते सगळे त्या ३२ हजारांवर. सात-आठ महिन्यांत संपतं, मधे भिशी लागली तर त्याच्याही आधी. त्यानंतर तेच पाच हजार एलआयसीच्या मुद्दलात टाकायला लागा, तिथे मधेच थोडे थोडे भरता येतात. पतपेढीचं आत्ता नको. तिथे दोन जामीनदार लागतील, पगारातून कपात सुरू होईल आणि तुमच्या हातातले पाच हजार कमी होतील. आईचं किंवा मुलीचं काही अचानक निघालं तर तो दरवाजा उघडा असू दे, कार्डाकडे परत जावं लागणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण हमखास लोक घाबरतात. ४१ हजार पूर्ण भरल्यावर पुढच्या स्टेटमेंटला परत काहीतरी व्याज दिसेल, तुम्ही पंधरा दिवसांनी भरलंत तर सात-आठशे आणि वर जीएसटी. ती चूक नसते. स्टेटमेंट निघाल्यापासून पैसे जमा होईपर्यंतच्या दिवसांचं व्याज असतं ते. तेवढं भरा, मग पुढचं स्टेटमेंट शून्याचं आलं की बंद करायचा ईमेल करा आणि नो ड्यूज (काही बाकी नसल्याचं पत्र) घ्या. लोक आधीच निश्चिंत होतात, ते सातशे राहून जातात, त्यावर लेट फी लागते आणि फेडलेल्या कार्डावर सिबिल खराब होतं.

हडपसरवाला:

काका एक नंबर. दादा, ८६ वाल्याचा मिनिमम ऑटोडेबिटला लावून ठेवा आणि वरचे पैसे पगार झाला त्याच दिवशी भरा, ड्यू डेटची वाट बघू नका. व्याज रोजच्या बाकीवर लागतं, १ तारखेला भरले काय आणि १८ ला भरले काय, फरक पडतो.

वारजेकर:

बरं झालं विचारलं, मी उलटं करणार होतो. शेवटचा प्रश्न, ओडीचं लिमिट ७५ हजार आहे, त्यातले १५ हजार अजून मोकळे दिसतात ॲपमध्ये. ते तसेच ठेवू का?

बँकेतला माणूस, निवृत्त:

कार्डं चालू होती तोपर्यंत मी ठेवू नका म्हटलं असतं. आता कार्ड बंद करताय आणि लगेच हाताशी दुसरं काहीच नाही, तेव्हा ते १५ हजार फक्त दवाखान्यासाठी म्हणून सध्या असू देत, कार्डावरून खर्च करण्यापेक्षा १४ टक्के परवडतात. ८६ वालं संपलं की ब्रँचला लेखी अर्ज द्या की लिमिट ६० करा, मग दर तीन महिन्यांनी पाच-पाच हजारांनी उतरवत न्या. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. आणि ओडी दर वर्षी रिन्यू होते तेव्हा काही चार्ज कापतात का ते आत्ताच विचारून ठेवा, तो महिना तुमच्या हिशोबात आधीपासून धरलेला बरा.

कर्वेनगरची ताई:

आणि वहिनींच्या शिलाईचे लग्नसराईतले वरचे पैसे येतील ते या कर्जात टाकू नका, जूनच्या फीसाठी वेगळ्या खात्यात ठेवा. नाहीतर जूनमध्ये परत कार्डाची आठवण होते. त्यांना मशीनचं काही काम असेल तर तेही त्यातूनच करू दे. कर्वेनगरमध्ये मला पाच-सहा जणी माहिती आहेत ज्यांना फॉल-पिकोला कोणी हवंय, वहिनींना चालणार असेल तर सांगा, मी त्यांच्याशी बोलते.

वारजेकर:

ताई, चालेल काय, पळेल! तिला आत्ताच वाचून दाखवलं, फॉल-पिको करते ती, साड्या आणून-पोचवायचं मी शिवण्याहून येता-जाता करेन. सोमवारी बाँड घेऊन शाखेत जातोय.